मधली तार

लॅपटॉप उघडला की आधी काळा पडदा,
त्यावर पांढऱ्या अक्षरांत, चौकीत दरडावल्यासारखं:
जोडलेला अडॅप्टर ओळखता येत नाही.
बॅटरी भरणार नाही. काम मंद चालेल.
पुढं जायचं असेल तर एफ-वन दाबा.

चार दिवस झाले, दाबतेय.
दिवा लागतो, पंखा फिरतो, वीज येते कुठूनतरी,
आकडा मात्र एकवीस टक्क्यांवर अडून बसलेला
आणि टॉवेलच्या काठावरचा मोर
एकेक पीस उमटवायला दम खातो.
शनिवारी डिझाइन द्यायचंय अक्कलकोट रोडच्या कारखान्यात.
विडी घरकुलात दुपारी चव्वेचाळीस,
टेबलाखाली माझे पाय ओल्या पंचावर.

बंद करून चालू केलं. तीस सेकंद बटण दाबून धरलं.
सॉकेट बदलला. पिनेवर फुंकर मारली,
मग स्वतःलाच वेड्यात काढलं.
नवी पेठेतला बसवराज झाकणही न उघडता म्हणाला,
मदरबोर्ड. साडेसात हजार. गॅरंटी विचारू नका.

समोरच्या रेणुकाचा चार्जर दहा मिनिटांसाठी आणला.
इशारा नाही.
एकवीसचे बावीस झाले, आणि मी अशी ओरडले
की आई मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवून आत आली.

"काय म्हणूलालंय गं ते?" नायनांनी विचारलं.
जेवतंय, म्हटलं, पण कोण वाढतंय ते कळंना म्हणतंय,
म्हणून पुढच्यासाठी काही ठेवून घेत नाही.
"शहाणं दिसतंय."
एकतीस वर्षं मागावर जॉबर. उजवा कान तिथंच राहिला.
पिन त्यांनी डोळ्याजवळ धरली:
गोल भोक, मधोमध केसाएवढी सुई.
"ही कशाला?"
ही वीज नेत नाही. ही फक्त नाव सांगते,
मी अमुक चार्जर, नव्वद वॅटचा.

ते उठले. बिस्किटाच्या जुन्या डब्यातून
एक पातळ पोलादी पट्टी काढली, गंज धरलेली.
"ड्रॉपपिन. उभ्या प्रत्येक धाग्यावर एक लटकलेली.
विणत नाही, ओढत नाही, काही करत नाही.
धागा तुटला की पडते, आणि माग थांबतो.
मालक ओरडायचा, बंद का?
चार हजार पिना, त्यातली कुठली पडली
ते मी हातानं शोधायचो."

मग डोळे मिटून त्यांनी वायर चिमटीत धरली
आणि विटेपासून निघाले,
टेबलाच्या पायाला वळसा, आईच्या सुपाशेजारून,
इंच इंच,
पिनेच्या दोन बोटं अलीकडं थांबले.
तिथंच, जिथं रोज रात्री मी ती करकचून गुंडाळते.
"इथं."

ब्लेडनं साल काढली.
दोन जाड तारा शाबूत. तिसरी, सुतासारखी, तुटलेली.
त्यांनी टोकं चिमटीत जुळवून धरली
आणि म्हणाले, लाव.

पडदा काळा झाला. मी बोट एफ-वनवर नेऊन ठेवलं.
काही विचारलं नाही त्यानं.
मोर आला, सगळा, पिसाऱ्यासकट.
बावीस. तेवीस.
"काय कळलं त्याला?"
नाव कळलं.
"कुणाचं?"

मागच्या वर्षी पीएफच्या खिडकीतून त्यांना सांगितलेलं,
कार्डावर एक वेलांटी जास्त आहे,
हा माणूस तुम्ही असल्याचं दिसत नाही.
त्यावर अजून कुठलं बटण सापडलेलं नाही.

चार्जरचं, नायना, म्हटलं. चार्जरचं नाव.
"हं."
डाग द्यायला उद्या अशोक चौकात जाऊ, आता सोडा.
"पंचवीस तरी होऊ दे," म्हणाले,
आणि चिमूट तशीच धरून बसले,
आईनं भाकरी वाढली तरी.