हजेरीचा आकडा

शुक्रवारी रात्री आठला
गुदैबियातल्या लाँड्रीवरच्या खोलीचं कुलूप मी उघडतो.
भाडं संस्था भरते. किटली संस्थेची.
पंखा कुणीतरी दिलेला, वळताना कण्हतो.
खुर्च्या मात्र आमच्या आम्ही मांडायच्या.
पहिल्याच दिवशी उमरकुट्टीनं सांगितलं होतं,
ज्याचे हात थरथरतात त्यानं खुर्च्या मांडाव्यात.
चहा नंतर. चहा सांडतो.

संस्थेच्या पेरिनबाई महिन्यातून एकदा येतात,
बिस्किटांचा डबा देतात, उंबऱ्याबाहेरच थांबतात.
आत येऊ का, असं त्यांनी कधी विचारलं नाही,
या, असं आम्ही कधी म्हटलं नाही.
बरं चाललंय.
वहीत त्यांना नाव नको, फक्त आकडा हवा,
देणगीदारांना दाखवायला.
आठ. सात. नऊ.
रोडेलला कंपनीनं विमानात बसवलं त्या आठवड्यात सहा.
मग पाच. ते कसे, ते मी सांगत नाही.
मग हळूहळू पुन्हा आठ.

माझं म्हणाल तर
सित्र्याच्या कँपात सोळा जणांची खोली,
वरचा बंक, कूस बदलताना खांदा छताला लागायचा.
कोलोनची बाटली. पाणी घातलं की दुधासारखी पांढरी व्हायची,
आणि मी स्वतःला सांगायचो, दूधच आहे.
देवगडला फोन लावला की
बायको बोलायच्या आधी माझा आवाज हुंगायची.
‘जेवलात?’ विचारायची,
म्हणजे काय विचारायची ते दोघांनाही माहीत.
जेवलो, म्हणायचो.
अशी अकरा वर्षं जेवलो.

आज सकाळपासून धूळ.
समोरच्या इमारतीचे दिवेसुद्धा दिसत नाहीत,
कँपातल्या बसेस निघाल्याच नाहीत.
उमरकुट्टी रात्रपाळीला, चमिंडा फोन उचलत नाही.
मी एकच खुर्ची ओढली आणि बसलो.
नियम असा, की दोघं असले तरी मीटिंग होते.
एकटा असला तर काय होतं,
ते नियमात लिहिलेलं नाही.
तरी उठलो. भिंतीला म्हणालो,
मी सगुण. मी दारुडा आहे.
आज चारशे बारावा दिवस.
समोरून ‘ये, सगुण’ आलं नाही.
पंखा कण्हला, तेवढंच.

मग जिन्यावर पावलं. अर्ध्यात थांबली. पुन्हा आली.
दारात खालचा टेकबहादूर, लाँड्रीवाला,
दोन वर्षं माझे डांगरी धुतोय,
कधी ‘उद्या’ याच्यापलीकडे बोललेला नाही.
‘वर कुणी आहे का बघायला आलो,’
कँपातल्या हिंदीत म्हणाला.
‘दर शुक्रवारी माझ्या डोक्यावर आठ खुर्च्या सरकतात.
मी इस्त्री उभी करून ठेवतो आणि मोजतो.
आज एकच सरकली.
वाटलं…’

पुढचं तो बोलला नाही.
मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.
मनगटावर चटक्यांचे जुने डाग.
त्याच्या बोटांकडे माझी नजर गेली
आणि मी लगेच खिडकीकडे बघायला लागलो,
जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

सवयीनं किटलीकडे हात गेला होता.
मागे घेतला.
कोपऱ्यात रचलेल्या खुर्च्या दाखवून म्हणालो,
‘जरा हात लाव. सगळ्या मांडू.’

एकेक उचलायचा प्रयत्न केला त्यानं,
मग ओढतच आणल्या,
खर्र, खर्र, फरशीभर.
खाली मोजायला आज कुणी नव्हतं.

निघताना वहीत तारीख घातली,
पुढे लिहिलं, दोन.
पेरिनबाई म्हणतील, एवढेच?
वादळ होतं, सांगेन.