यांखो

माझं नाव यांखो.
चिचेवात त्याचा अर्थ उत्तर.
बापानं हौसेनं ठेवलं, आणि मग
जन्मभर प्रश्नच वाढून ठेवले पुढ्यात.

आत्ताचा प्रश्न बाटलीत आहे:
नमुना चारशे सतरा. वय नऊ. ताप बारा दिवस.
पत्ता: न्दिरान्दे, चढावर, साबणवालीच्या मागे.
ब्लांटायरमध्ये कुठल्याही तापाला मलुंगोच म्हणतात,
मलेरियालाही तोच शब्द.
एका चटईवर भावंडं झोपावीत
तसे त्या शब्दात आजार झोपलेले,
आणि पहिला आठवडा शब्दालाच औषध देण्यात जातो.

तिसऱ्या दिवशी बाटली बोलली.
ताटलीवर मी औषधांच्या टिकल्या मांडल्या,
रात्रभर ऊब दिली.
सकाळी टिकलीभोवती खळं पडायला हवं,
चंद्राला पडतं तसं.
पडलं नाही. पहिलीला नाही, दुसरीला, तिसरीला, चौथीला नाही.
जंतू टिकलीला खेटून उगवलेले,
दारातल्या गवतासारखे निवांत.
पाचवीला मात्र खळं.
मी वॉर्डात फोन करून पाचवीचं नाव सांगितलं.
ती कपाटात आहे का,
ते त्यांनी सांगितलं नाही.

पूर्वी इथून पुढचं काम समुद्रापलीकडे व्हायचं.
जंतू विमानानं जायचे,
दीड वर्षानं छापील पानांवर बसून परत यायचे.
तोवर खाट कितीदा भरून रिकामी झालेली.
आता यंत्र माझ्याच टेबलावर, जेवणाच्या डब्याएवढं.
त्याचं रसायन लिलोंग्वेच्या विमानतळावर
एका सहीसाठी सव्वीस दिवस अडकलं,
बर्फाचं पाणी झालं.
दुसरं मागवलं. मग वीज गेली. मग आली.

तर, अठ्ठेचाळीस लाख अक्षरं.
चारच मुळाक्षरं, काना नाही, मात्रा नाही.
वाचतं यंत्र; मी चुका शोधते.
सापडली. एक अक्षर.
शाळेत एका अक्षराला अर्धा गुण जायचा,
इथं अख्खं औषध गेलं.

मग पडद्यावर वंशावळ उमटली.
या जंतूचे खापरपणजोबा मला माहीत आहेत:
कुठल्या खंडातून निघाले, साधारण कुठल्या दशकात,
कुणाच्या तरी पोटात बसून, व्हिसा न काढता.
माझ्या स्वतःच्या आजोबांपलीकडे
मला कुणी ठाऊक नाही.
शेवटच्या डहाळीवर सातजण.
सात घरं, सात आडनावं,
आणि सातांत एका अक्षराचाही फरक नाही.

शनिवारी चढ चढून गेले.
पाण्याच्या टपरीला कुलूप. बिल थकलंय ऑगस्टपासून.
किल्ली समितीच्या बाम्बो न्खोमांकडे,
बाम्बो न्खोमा झोम्बाला, लेकीकडे.
म्हणून सगळ्या बाया खालच्या झऱ्यावर,
आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला
ओळीनं संडासांचे खड्डे.

तिथंच चारशे सतराची आई भेटली, मायी चिपेटा.
पोरगा जगलाय. उंबऱ्यात बसून आंबा चोखत होता,
डोकं भादरलेलं, कानच मोठे दिसत होते.
थोरलीचं मी विचारलं नाही.
ती माझ्या बाटलीपर्यंत पोचलीच नव्हती,
म्हणून झाडावर तिची डहाळी नाही.

"दवाखान्यातल्या ना तुम्ही? एवढ्या उन्हाच्या चालत आलात,"
म्हणत तिनं चितेंजेच्या टोकानं पेला पुसला,
बादलीतून भरला,
आणि आमच्याकडे देतात तसा
गुडघा वाकवून, दोन्ही हातांनी पुढे केला.

पाणी अगदी नितळ होतं.
मी पेला धरून उभी.
तिनं अजून
माझं नाव विचारलं नव्हतं.