अकराचा खेळ

उन्हाळ्यात अथेन्समधल्या या थिएटरला छप्पर नसतं.
दोन इमारतींच्या फटीत खडी अंथरलेली,
खडीवर कापडी खुर्च्या, कुठे कुठे पत्र्याचं टेबल,
आणि पडदा म्हणजे चुना मारलेली भिंत.
तिकिटाच्या खिडकीत एव्हान्थिया बसते.
सुटे पैसे मोजताना
पाढे म्हटल्यासारखे तिचे ओठ हलतात.

पहिल्या वर्षी मी नुसती चित्रं बघायचे.
सिनेमा जपानी, खालची अक्षरं ग्रीक.
नववीच्या भूमितीतला थीटा, वर्तुळाचा पाय,
बेरजेचा सिग्मा
एका ओळीत उभे राहून चक्क बोलायला लागलेले!
मी एक शब्द जुळवेपर्यंत
पडद्यावरची बाई रडून मोकळी झालेली असायची.

शेजारच्या खुर्चीवर स्तमातिस, जन्मभर नळ दुरुस्त केलेले.
त्यांना माझी दया आली.
भोपळ्याच्या बिया सोलता सोलता
ते कानाशी अर्थ सांगू लागले,
ग्रीकचा ग्रीकमध्येच,
फक्त सावकाश.

इथे मध्यंतर असतं.
कसलाही मुहूर्त न बघता दिवे लागतात,
नायकाचा हात दाराच्या कडीवर तसाच,
आणि सगळं थिएटर उठून
आंबट चेरीच्या सरबताच्या रांगेत.
याआधी राहिले त्या शहरात
सिनेमा एका दमात संपवायचे, काढ्यासारखा.
मध्यंतरासाठी मी घराचा करार वाढवला
असं ऑफिसात सांगते. हसतात.

अकराच्या खेळाला आवाज बारीक करतात,
आजूबाजूला माणसं झोपलेली.
तेव्हा बंदुकासुद्धा चवड्यांवर चालतात
आणि जाईचा वास जरा मोठ्याने येतो.

झोपत नाही तो तिसऱ्या मजल्यावरचा पान्देलिस.
गॅलरीतून फुकट बघतो, तोही तिरका,
त्याला आजवरचे सगळे नायक काडीपैलवानच दिसले असणार.
मध्येच पाणी प्यायला उठतो, दिवा लावतो,
नायिकेच्या गालावर पिवळा चौकोन पडतो
आणि खाली एकच ओरडा: फोस! फोस!
फोस म्हणजे उजेड.
मला वाटायचं, हे लोक उजेड मागताहेत.

परवा एक म्हातारा शिंपी
मुलीचं पत्र वाचत होता.
पहिली ओळ मला वेळेत वाचता आली. दुसरीही.
तिसरीच्या क्रियापदापाशी पोचतेय
तोच गालफडावर चौकोन.
कुणाच्याही आधी मी ओरडले, फोस!
एवढ्या मोठ्याने, की झाडातलं मांजर पळालं.

वरून पान्देलिस: ही कोण नवीन?
खिडकीतून एव्हान्थिया:
तिकीट काढून बसलीय ती. तू कधी काढलंस?

हशा, शिट्टी. दिवा गेला.
तेवढ्यात पत्रही संपलेलं,
शिंपी घडी घालून ते खिशात ठेवत होता.
स्तमातिस सांगायला वाकले.
मी म्हटलं, नको.
बुधवारपर्यंत आहे ना हा सिनेमा?
उद्या येते.