आजची नोंद

पहिलं यंत्र क्लाक्सविकला,
मासळीच्या जुन्या बर्फघराच्या माडीवर.
दुसरं सूरॉय बेटावर, शाळेच्या तळघरात.
मध्ये बोगदे, फेरी, धुकं,
आणि समुद्राच्या पोटातून गेलेली एक तार,
जिच्यावर अधूनमधून ट्रॉलरचा नांगर बसतो.

दुसरं बसवायला निघालो तेव्हा फेब्रुवारी होता.
हेयिनने ते घोंगडीत गुंडाळून
मागच्या सीटला पट्ट्याने बांधलं.
फेरीवरच्या बाईने वाकून विचारलं,
किती महिन्यांचं?
हेयिन म्हणाला, अजून सुरू व्हायचंय.

खाऱ्या हवेने पहिल्याच आठवड्यात दोन पंखे खाल्ले.
पहिली नक्कल उतरायला अकरा दिवस.
अकरा दिवस मी पोरांच्या ओल्या बुटांशेजारी बसून
टक्के मोजत होते.
तीन हजार सहाशे आवाज पाण्याखालून येत होते:
मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा पाठ म्हणणारे,
परत न आलेल्या होड्यांची नावं सांगणारे,
एकाचा तर चाळीस मिनिटं नुसता खोकला,
आणि शेवटी एक वाक्य,
तेही हवामानाबद्दल.

बाराव्या दिवशी दोन्हीकडच्या बेरजा जुळल्या,
शेवटच्या आकड्यापर्यंत.
आम्ही वाऱ्यावर वाळवलेलं मटण कापलं
आणि तळघराला कुलूप लावलं.

मग देखभाल.
देखभाल म्हणजे काही न घडणं,
आणि ते न घडलेलं रोज वहीत लिहिणं.
धूळ काढली. पंखा बदलला.
तार तुटली, नऊ दिवसांनी जोडली, राहिलेलं भरून घेतलं.
काही घडलं नाही.
काही घडलं नाही.

एका ऑक्टोबरात माझ्या बोटाने
एक फोल्डर जास्तीचा पुसला.
एकसष्ट सालचा अख्खा उन्हाळा.
सूरॉयला फोन केला: तिकडे असेल ना?
हेयिन बराच वेळ बोललाच नाही.
मग म्हणाला, चार मिनिटांपूर्वी होता.

आरसाच तो.
मी तोंड फिरवलं, त्यानेही फिरवलं.
थांब, नीट बघ, असं तो कसा म्हणणार?
री ओढणारा गाणं सांभाळत नाही,
पुढचा चुकला की
हाही चुकतो, त्याच सुरात, तितक्याच भक्तीने.

उन्हाळा परत मिळाला तो बॉरुरच्या फ्रीजवर.
बॉरुर, निवृत्त पोस्टमन,
दर महिन्याला एक प्रत डिस्कवर उतरवून घरी न्यायचा,
वर तारखेची चिठ्ठी चिकटवायचा,
आणि तिला कुठल्याच तारेला शिवू द्यायचा नाही.
आम्ही हसायचो त्याला.
तेव्हापासून माझ्या कपाटातही एक तिसरी प्रत असते,
मागे पडलेली,
आज काय चाललंय याचा पत्ता नसलेली.
तेवढंच तिचं शहाणपण.

परवा सुन्व्हर आली. कोट काढला नाही.
म्हणाली, वडिलांचा आवाज काढून टाका.
त्यात काकाबद्दल काही आहे,
काकाची नातवंडं त्याच गल्लीत राहतात.
हक्क तिचा. कागदही पूर्ण.
मी पुसला.
ती घड्याळाकडे बघत बसली, चार मिनिटं,
सूरॉयने पुसला.
गेला?
गेला, मी म्हणाले.
कपाटाकडे पाहिलं नाही.

रात्रीपासून ती डिस्क टेबलावर आहे.
तिच्यातून एक आवाज काढायचा तर
आधी ती जोडायला हवी,
आणि जोडल्यावर, खात्री करायला म्हणून का होईना,
कुणीतरी थोडं ऐकेलच. म्हणजे मीच.
खिडकीबाहेर बर्फघराचा दिवा
ओल्या धक्क्यावर दुसऱ्यांदा लागलाय.

वही उघडली.
तारीख घातली.
काही घडलं नाही, असं लिहिलं,
आणि पूर्णविराम द्यायचा राहिला