ओळीखालची अक्षरं

आमच्या गावात सागवान कोरतात.
पॉलिश पेपर घासून घासून
माझ्या बोटांचे ठसे गेलेत; ओळखपत्राच्या कचेरीत
यंत्राने मला तीनदा नाकारलं.

पंधराव्या वर्षी मात्र अंगठा लख्ख उमटला होता
निकाहाच्या कागदावर.
वय सतरा लिहिलं होतं.
आईने नवी चप्पल घेतली होती, एक माप मोठी.
"वाढशील," म्हणाली.

आता मस्रुरोहची पाळी. माझ्या पाठची, सगळ्यात धाकटी.
कोर्टात सवलतीचा अर्ज टाकायचा,
त्याआधी न्याईंच्या तोंडून चार शब्द मिळाले तर बरं,
म्हणून बाबा निघाले. स्कूटरवर मागे मी,
मांडीत केळीचा घड.
वाटेत दोघंही बोललो नाही.

न्याई अफीफातुन गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसतात.
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
पुढ्यात पिवळ्या पानांची किताब,
दोन ओळींमध्ये ऐसपैस जागा,
आणि तिथं प्रत्येक अरबी शब्दाखाली
तिरका, मुंगीएवढा, आमच्या जावी बोलीतला अर्थ
टांगलेला,
मांडवाला दोडके लोंबावेत तसा.

बाबा म्हणाले, किताबात तर आहे.
"आहे," न्याई म्हणाल्या.
मला वाटलं, संपलं.
"पण खाली कुणाचा हात आहे तेही बघावं लागतं.
हा अर्थ माझ्या सासऱ्यांचा. हा त्यांच्या गुरूंचा.
हा निळ्या शाईतला, माझा."
मग बरीच पानं उलटली, थुंकी न लावता.
"अनाथाचं धन त्याच्या हाती सोपवण्याआधी
त्याची समज पारखून घ्या, असा हुकूम आहे.
धन देताना समज बघायची.
आणि पोर देताना?"

बाबांनी घडातलं एक केळं उगाच सरळ केलं.
"लोक बोलतात, न्याई. त्या खलाशी पोराबरोबर
बंदरावर दिसली ती."
"बंदरावर मीही दिसते. मासळी तिथंच मिळते."

मग माझ्याकडे वळून,
"तुझं लग्न झालं तेव्हा वय काय होतं गं?"
सतरा, मी म्हणाले. पाठच होतं.
बाहेर कुणीतरी विहिरीवर बादली आपटली.
पंधरा, मी म्हणाले.

बाबांसमोर हा आकडा पहिल्यांदा उच्चारला.
पुढचं काही सांगितलं नाही. बाबांना ठाऊक आहे,
ती हातभर लांबीची कबर त्यांनीच खणली होती.
मला आपली चप्पल आठवत राहिली.
पाय तेवढा वाढलाच नाही कधी.

न्याईंनी केळी ठेवून घेतली, आशीर्वाद दिला नाही.
कोर्टासाठी दीड पानाचं पत्र दिलं, निळ्या शाईत.
अर्ज बाबांनी टाकलाच नाही,
पत्राने की माझ्या आकड्याने, मी विचारलं नाही.
तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत.
मस्रुरोह तर अजून धुसफुसते:
पोरगा देखणा होता, तुला काय कळतंय?
गणितात नापास झालीय पुन्हा.
बघू, एकोणिसाव्या वर्षी, मी म्हणते,
आणि ती दार आपटते.
आपटू दे. दार आमच्याच घरचं आहे.

गुरुवारी मगरिबनंतर मी जाते.
उंबऱ्याबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग,
आत नमाजाचे पांढरे झगे घडी करून बाजूला,
मांडीवर किताबा.
न्याई एक एक शब्द म्हणतात,
आम्ही खाली अर्थ टांगतो.
माझं अक्षर खारकेएवढं येतं, शेजारणीच्या ओळीत घुसतं.
पेन धरायला ठसा लागत नाही, हे एक बरं.

परवा एका शब्दाखाली त्या थांबल्या.
सासऱ्यांचा अर्थ वाचला, गुरूंचा वाचला,
चष्मा काढून डोळे चोळले.
"न्याई, इथं काय लिहू?"
"माझंही ठरलं नाही अजून," म्हणाल्या.
"जागा सोड."