किती पोहोचला नाही

औलूत डिसेंबरचा दिवस साडेतीन तासांचा.
तेवढ्यात हिल्का खिडकीपाशी उभ्याउभ्या जेवण उरकते,
मग तळघरात उतरते
आणि उजेड मोजायला बसते.

पोस्टाच्या तिकिटाएवढी चिप,
तिच्यात केसाएवढी पन्हळ. पन्हळीत
तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेतून आलेलं
रक्तावरचं पिवळं पाणी,
मुंगीही बुडणार नाही इतकं.

पहिल्या वर्षी आम्ही उजेड आडवा पाठवला.
पन्हळ ओलांडून तो गेलासुद्धा,
चपला न काढता परतणाऱ्या पाहुण्यासारखा.
रंग कसा होता विचारलं, तर म्हणाला,
कुठला रंग?

मग हिल्कानं पन्हळ दोनदा मोडली
आणि मधल्या तुकड्यातून उजेड लांबीनं घातला.
दहा मिलिमीटर. एवढं चालावं लागलं की
निळा किरण वाटेत थोडाथोडा खर्च होतो.
किती पोहोचला ते यंत्र सांगतं.
किती पोहोचला नाही
ते आम्ही बाळाच्या नावावर मांडतो.

नाव म्हणजे आकडा, एक्केचाळीस.
इथे बारसं दोन महिन्यांनी.

बुडबुडा!
आलेख ताडकन उभा. हिल्का शिवी हासडते, र लांबवत,
नखानं चिपला टिचकी मारते.
बुडबुडा जातो, सोबत नमुनाही.
वरच्या वॉर्डात फोन: अजून एकदा टोचावं लागेल.
पलीकडे वुओक्को काही बोलत नाही.

थांबलो असताना हिल्का सांगते,
वडील तिला नावेतून तळ्यावर न्यायचे.
दलदलीतून आलेलं पाणी, कोऱ्या चहासारखं.
दोरीला बांधलेली पांढरी ताटली खाली सोडायची,
दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या.
तीन गाठी, कधी साडेतीन.
ताटली आईच्या लग्नातली. एकदा दोरीच सुटली.
घरी काय सांगितलं, ते मात्र ती सांगत नाही.

पावणेतीनला आकडा आला. जास्त.
वर दिवा लागला,
इथे अडतो तोच निळा.
डोळ्यांवर पट्टी बांधून एक्केचाळीस उघडं निजलंय,
उजेड त्याच्या कातडीत शिरतोय
आणि जेवढा बाहेर येत नाही
तेवढा कामी येतोय.

पुढचा थेंब सहाला.
तोवर हिल्का नळ्यांतले बुडबुडे काढत बसते,
एकेक,
खिडकी नसलेल्या भिंतीकडे तोंड करून.