विषय : आवाजाबाबत

परवानगीच्या टेबलावर माझी एकोणीस वर्षं गेली.
रजिस्टरात आवाजाला चारच रकाने :
वरात, सभा, मिरवणूक, इतर.

ओवी बारापात्रे इतरमध्ये आली.
काखेत हेल्मेट, अर्जाला टाचलेला नकाशा,
त्यावर लाल पेनाचे सहा ठिपके,
चितार ओळीजवळ, मेट्रोच्या खांबांखाली.

काय वाजवणार?
म्हणाली, माग.
मी लिहिलं, मागणी.
ती वाकून बघत होती. मागणी नाही हो. माग. हातमाग.
गाणं? नाही. भाषण? नाही.
मंग लोकं थांबतीन कायले?
नाही थांबले तरी चालते, म्हणाली.

मी शिक्का मारला. चार दिवस, दहा ते सहा,
पंचावन्न डेसिबलच्या आत.
पंचावन्न म्हणजे किती, हे
एकोणीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं.
तिनेही नाही.

पहिल्या दिवशी डबा न उघडता गेलो.
एप्रिलचं ऊन. सिग्नलवर बांधलेली हिरवी जाळी,
तिच्या सावलीत दाटीवाटीने गाड्या.
आधी काहीच ऐकू आलं नाही.
मग खट्. मग खटाक्.
धोटा इकडून तिकडे, फणीचा ठोका, पावडीचा श्वास,
एका खांबाकडून दुसऱ्याकडे,
जसं शेजारीण शेजारणीला भिंतीतून काही सांगते.

पुढच्या पोरानं टाकीला कान लावला.
टॅपेट वाजून रायलं काय बे?
गाडी बंद केली. वाजतच राहिलं.
मागच्याला वाटलं, आपली. त्यानंही केली.
ऑटोवाल्यानं उतरून चाक पाहिलं.
स्कूटीवरच्या बाईनं चावी फिरवली
आणि गाडीलाच म्हणाली, आता कुठं जाऊ तुले घेऊन.
एकेक करून, आपापल्या शंकेनं,
अख्खा सिग्नल गप्प झाला.

एवढ्या वर्षांत मी इतक्या नाहरकती दिल्या.
पण नाहरकत अशी दिसते, हे माहीत नव्हतं.

डिव्हायडरवर दुधाची पिशवी घेऊन एक म्हातारे उभे होते.
नंतर रजिस्टरसाठी नाव विचारलं : मोतीराम निनावे.
त्यांनी तिसऱ्या खांबाकडे बोट केलं,
आणि कुणालाच नाही, सगळ्यांना म्हणाले,
अरे, तिसऱ्यावर धागा तुटला हाय.
कोणी पाहून नाही रायलं काय?

हिरवा लागला. कुणी हललं नाही
म्हणजे तीनेक सेकंद. मग मागून हॉर्न,
मग सगळं पूर्ववत.

ओवीने हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग अकरा वेळा ऐकलं.
बाराव्यांदा तिचा चेहरा उतरला.
तिसरा स्पीकर बंद केला तिने.
निनावे म्हणाले, चालू ठेवून कापड वाया जाते बाई.

दुसऱ्या दिवशी पाचच वाजत होते.
तिसऱ्या खांबाशी ते बसलेले, पिशवी मांडीखाली,
दोन्ही हातांची बोटं हवेत, अंगठ्याशी काहीतरी वळत.
पोहेवाल्यानं तर्री वाढली, खाल्ली नाही.
ट्रॅफिकचा हवालदार विचारून गेला, तब्येत बरी आहे ना.

तिसरा दिवस, तसाच.

चौथ्या दिवशी चारच्या सुमारास ते उठले,
गुडघे झटकले, ओवीला म्हणाले,
झालं. लाव.

तिने तेच रेकॉर्डिंग लावलं. तेच, मी साक्षीला होतो.
ते मान हलवत ऐकत राहिले.
मला काही फरक कळला नाही.
तिला विचारलं तर ती वायर गुंडाळत होती,
आणि गुंडाळतच राहिली.

तक्रारीच्या रकान्यात मी नोंद केली :
तिसऱ्या मागावर धागा तुटल्याबाबत.
तक्रारदार : मो. निनावे.
कार्यवाही : तक्रारदारानेच केली.
साहेबांनी सही करताना वर पाहिलं नाही.

आता सिग्नलला मी गाडी बंद करतो.
घरी विचारलं तर सांगतो, पेट्रोल वाचते.